कॅम नवी, ठिणगी जुन्याच वेळेला: १४८९ सीसीच्या एका ॲम्बेसेडरचं प्रकरण

जुन्या इंजिनात तेज कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा, बसवली की मालकाकडून दोन तक्रारी हमखास येतात. एक, "खाली जीव नाही." दुसरी, "चढाला नॉक मारतीय," म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिन खडखडतंय. पहिली तक्रार टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे असल्याची, दुसरी पुढे असल्याची. म्हणून दोन्ही एकाच गाडीत असतील यावर पटकन विश्वास बसत नाही. कोल्हापुरातल्या या ॲम्बेसेडरमध्ये दोन्ही एकत्र होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. असं इंजिन घेऊन बसलेल्यांना आकड्यांसकट सगळं हाती लागावं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

गाडी आणि तक्रार

गाडी मार्क टू. हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून आली आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्या बी-सीरिज घराण्यातलं. बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मालक कागल तालुक्यातले ऊस बागायतदार, गाडी त्यांच्या वडिलांची. इंजिन पूर्ण उघडून त्यांनी लायनर टाकून घेतले होते, बोअर पुन्हा स्टँडर्डवर आणलं होतं आणि त्याच कामात इंग्लंडहून मागवलेली फास्ट रोड प्रोफाइलची कॅमशाफ्ट बसवली होती. रेसला जायचं नव्हतं. घाट न धापता चढावा आणि हायवेला गाडीने मान टाकू नये, एवढीच इच्छा होती, आणि या इंजिनाकडून ती पुरी होण्यासारखीही होती.

आधीच्या गॅरेजने सुरुवातीला टायमिंग पुस्तकाप्रमाणे ६ अंशांवर लावलं, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या ६ अंश आधी ठिणगी. गाडी स्लोला उभी राहीना. महाद्वार रोडच्या गर्दीत पाण्याचा काटा चढायचा आणि रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटके बसायचे. मग स्लोचा स्क्रू आवळून आयडल १२५० आरपीएमवर नेलं आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हाताने फिरवत इंजिन जिथे गोड वाटलं तिथे बोल्ट कसला. गावात गाडी सुधारली. पन्हाळ्याला निघाली तर वाघबीळच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. महागातलं पेट्रोल भरून पाहिलं. आवाज कमी झाला, गेला नाही. शेवटी टायमिंग थोडं मागे घेऊन मधल्या जागी ठेवलं.

माझ्याकडे गाडी आली ती या मधल्या अवस्थेत. मालक म्हणाले, "पुढं घेतलं की घाटात वरडतीय, मागं घेतलं की गावात तापतीय. मधी ठेवलं तर दोन्ही करतीय. कॅमच काढून जुनी घालू का?"

कॅम काढायची गरज नव्हती. पण डिस्ट्रिब्युटर फिरवून हा प्रश्न कधीच सुटला नसता, कारण बॉडी फिरवली की टायमिंगची सगळी रेघच्या रेघ वर जाते किंवा खाली येते. या इंजिनाला रेघेचं खालचं टोक वर उचलून हवं होतं आणि वरचं टोक होतं तिथेच हवं होतं, किंबहुना थोडं खालीच.

आधी खरं टीडीसी

टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसोबत लखलखणारा दिवा, लावण्याआधी पुलीवरची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेची) खाच खरी आहे का हे पाहिलं. जुन्या इंजिनाची पुली बदललेली असते, कधी कव्हर बदललेलं असतं. जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती फोडून काढली, आत आटे पाडले आणि त्यातून एक बोल्ट घातला. हा झाला पिस्टन स्टॉप. एक नंबरच्या प्लगच्या जागी तो बसवायचा, क्रँक हाताने सावकाश फिरवायची, पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खूण करायची. मग उलट्या दिशेने फिरवून पुन्हा टेकवायचं, दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरं टीडीसी. इथे खाच २ अंश सरकलेली निघाली.

बी-सीरिजचे मूळ काटे टायमिंग कव्हरच्या खालच्या अंगाला आहेत. तिथे जेमतेम १० अंशांपर्यंत वाचता येतं आणि तेही वाकून. म्हणून वर एक नवा काटा बसवला आणि पुलीवर अंश मांडून घेतले. याला यंत्र लागत नाही. पुलीचा व्यास १३२ मिमी, म्हणजे घेर साधारण ४१४.७ मिमी, त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे १.१५ मिमी. १६ अंशांना १८.४ मिमी, ३२ अंशांना ३६.९ मिमी. कागदाच्या पट्टीवर मोजून रेघा पुलीवर उतरवल्या आणि पांढरा रंग भरला.

आता व्हॅक्युमची नळी (हलक्या थ्रॉटलला टायमिंग पुढे ओढणारी) काढून लाइट मारला. १२५० वर १६ अंश. आधीच्या गॅरेजच्या कागदावरही हाच आकडा होता आणि तो चुकीचा वाचलेला नव्हता. पण आयडल तात्पुरतं ७०० पर्यंत खाली ओढल्यावर तेच टायमिंग १० वर आलं. म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली वजनं (गती वाढली की उघडून टायमिंग पुढे नेणारी) १२५० ला आधीच उघडू लागली होती आणि १६ मधले ६ अंश त्यांचे होते. आयडल चढवून टायमिंग पाहिलं की हा घोटाळा होतो: ज्याला आपण सुरुवातीचं टायमिंग समजतो, त्यात वजनांनी पुढे नेलेलं टायमिंग, म्हणजे मेकॅनिकल ॲडव्हान्स, मिसळलेला असतो. रेस वाढवून ४००० ला पाहिलं तर ३८ अंश. वर व्हॅक्युमचे १० धरले तर हलक्या पायाने चालवताना ४८.

डिस्ट्रिब्युटर लुकासच्या २५डी४ जातीचा. याचा टॉप प्लेटखालचा भाग उघडला की कॅमच्या पायावर एक आकडा कोरलेला दिसतो. तो मेकॅनिकल ॲडव्हान्सचा कमाल आकडा, डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत. इथे १४ होता. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे क्रँकवर ते २८ होतात. जुन्या इंजिनात ६ आणि २८ मिळून ३४, अगदी बरोबर. नव्यात १० आणि २८ मिळून ३८, आणि घाटातला आवाज तिथूनच येत होता.

प्लग काढले तेव्हा तीन नंबरच्या चिनीमातीवर भिंगाखाली बारीक चकाकणारे कण दिसले. ते ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे. या हेडमध्ये २ आणि ३ नंबरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच पोर्टमधून जातात, त्यामुळे ही दोन सिलिंडर आधीच गरम चालतात आणि नॉकिंगचा मार पहिल्यांदा तिथेच बसतो. घाटातला तो आवाज आणखी थोडे दिवस चालू दिला असता तर लायनरचा सगळा खर्च पाण्यात गेला असता.

कॅमने काय बदललं

मालकांनी जुनी कॅम जपून ठेवली होती, हे फार चांगलं झालं. ती व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मोजली आणि नवीचं कार्ड शेजारी ठेवलं. जुनीत इनटेक टीडीसीच्या ५ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असण्याची जागा) ४५ अंशांनी मिटतो; एक्झॉस्ट बीडीसीच्या ४० अंश आधी उघडतो, टीडीसीनंतर १० अंशांनी मिटतो. नवीत इनटेक २६ आणि ६६, एक्झॉस्ट ६६ आणि २६. उघडं राहण्याचा काळ २३० अंशांवरून २७२ वर गेला. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, १५ वरून थेट ५२ अंशांवर.

स्लोला हा ओव्हरलॅप त्रास देतो. थ्रॉटल मिटलेला, मॅनिफोल्डमध्ये ओढ, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून उघडा. जळालेला धूर मागे फिरून ताज्या मिश्रणात शिरतो. असं पातळ झालेलं मिश्रण हळू जळतं. हळू जळणाऱ्याला लवकर पेटवावं लागतं, कारण सिलिंडरमधला सर्वांत जास्त दाब टीडीसीनंतर साधारण १५ अंशांच्या आसपास यायला हवा. तो उशिरा आला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो, ताकद मिळत नाही, आणि न वापरलेली उष्णता एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात उतरते. ६ अंशांवर गाडी गावात तापत होती ती याचमुळे. रेडिएटर साफ करून फरक पडला नव्हता, तो पडणारही नव्हता.

दुसरी गोष्ट इनटेक उशिरा मिटण्याची. व्हॉल्व्ह मिटल्याशिवाय दाब धरत नाही. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ६.५ इंची, म्हणजे १६५.१ मिमी. त्यावरून हिशेब केला तर जुन्या कॅमवर व्हॉल्व्ह मिटताना पिस्टनला अजून ७८.९ मिमी वर जायचं असतं, नव्या कॅमवर फक्त ६७.६ मिमी. इंजिनाचं कागदावरचं कॉम्प्रेशन ७.२. पण व्हॉल्व्ह मिटल्यापासून मोजलं तर जुन्या कॅमला ते ६.५ पडतं आणि नव्या कॅमला ५.७. एवढ्या खाली आलेल्या कॉम्प्रेशनवर मिश्रण आणखी मंद जळतं.

वरच्या आरपीएमला चित्र उलटं होतं. हवेला वेग आलेला असतो, उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह आता फायद्याचा ठरतो, सिलिंडर जुन्या कॅमपेक्षा चांगलं भरतं. भरलेलं सिलिंडर जोरात जळतं. त्याला जास्त ॲडव्हान्स नको असतो. जुन्याइतका किंवा अंश-दोन अंश कमी पुरतो.

म्हणजे खाली जास्त, वर तेवढाच. मधलं अंतर कमी करायचं, आणि ते अंतर डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असतं.

आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात डिझेल इंजिनावर हयात घालवलेले मिस्त्री आहेत. त्यांना पंपाचं स्पिल टायमिंग डोळे मिटून लावता येतं. पण साध्या ऑइल इंजिनाला गती ठरलेली असते, एक आकडा लावला की काम संपतं. पेट्रोल गाडीला आयडलपासून पाच हजारांपर्यंत प्रत्येक गतीला आपला वेगळा आकडा लागतो, आणि तो पायाखालच्या थ्रॉटलप्रमाणेही बदलतो. तीच सवय इथे लावली की फसगत होते, कितीही मोठा कारागीर असला तरी.

टायमिंगच्या आधीची कामं

ठिणगीला हात लावण्याआधी कॅम स्वतः जागेवर आहे का हे पाहणं भाग होतं. एक नंबरच्या इनटेकवर डायल लावून पूर्ण लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची सर्वांत जास्त उघड, कुठे येते ते मोजलं. कार्डप्रमाणे टीडीसीनंतर ११० अंशांवर यायला हवी होती, आली ११४ वर. चेन आणि स्प्रॉकेटच्या खुणा एकमेकींसमोर बरोबर होत्या, तरीही. खुणा जुळल्या म्हणजे कॅम जुळली असं नसतं. जुने स्प्रॉकेट, नव्या कॅमचा की-वे, चेनचा ताण, सगळ्यांची चूक त्यात जमा होते. ४ अंश उशीर म्हणजे इनटेक ६६ ऐवजी ७० ला मिटत होता आणि ५.७ चं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ५.५ वर होतं. गेजवर चारही सिलिंडर १०० पीएसआयच्या आसपास मरगळलेली दिसत होती त्याचा उलगडा झाला. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमधून बारीक पायरी असलेली ऑफसेट वुड्रफ की (स्प्रॉकेट कॅमवर धरणारी पाचर) घासून घेतली. कॅमवर २ अंश म्हणजे क्रँकवर ४. की बसवून पुन्हा मोजलं, ११० आलं.

मग कॉम्प्रेशन. पिस्टन वाटीच्या डोक्याचे होते. सपाट डोक्याचे बसवले, हेडला हलकं फेसिंग मारलं आणि ब्युरेटने चेंबर मोजून ८.३ वर आणलं. ८.३ आकडा उगाच घेतला नाही: ६६ अंशांना मिटणाऱ्या व्हॉल्व्हबरोबर हिशेब केला तर ८.३ चे साधारण ६.५ होतात, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या इंजिनाइतकेच. लिफ्ट वाढलेली आणि हेड खाली आलेलं, म्हणून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधली जागा कापून मोजली. रॉकरचे कोन पाहून पेडेस्टलखाली शिम टाकल्या. आता गेजवर १२५ पीएसआय येऊ लागलं.

मिश्रणाचंही याच टप्प्यावर पाहिलं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यात त्यातलं काय कुठून येतं हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. इथेनॉलमुळे नॉकिंग थोडं कमी होतं, पण तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुन्या सेटिंगवर एसयू कार्ब्युरेटर कमी पाजत होता. कमी पाजलेलं इंजिन मंद जळतं आणि टायमिंगचा अंदाज चुकवतं, म्हणून जेटचा नट खाली घेऊन आणि जाड पाजणारी नीडल घालून ते आधी बरोबर केलं. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या.

शेवटी पॉइंट, म्हणजे ठिणगी तोडणारे संपर्क. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ६० अंश. गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकतं, कमी झाला की मागे जातं, म्हणून गॅप लावल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही. शाफ्टच्या बुशमध्ये खेळ होता, तो बदलला. मालकांनी विचारलं, "इलेक्ट्रॉनिक घालू का?" घालायला हरकत नाही, पण पॉइंटच्या जागी मॉड्यूल आलं तरी खालची वजनं आणि स्प्रिंगा त्याच राहतात. रेघेचा आकार ठिणगी कोण तोडतं यावर ठरत नाही. म्हणून ते नंतरसाठी ठेवलं.

खालचं टोक, वरचं टोक

आयडल ९०० वर, व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद केलेली, मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज. डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत गेलो. बी-सीरिजचा रोटर उलट्या घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं. ८ अंशांवर गेज ८ इंचांवर थरथरत होतं. १२ वर १० इंच. १६ वर १२ इंच, काटा बऱ्यापैकी स्थिर, आयडल आपोआप चढलं ते स्क्रूने पुन्हा ९०० वर आणलं. १८ आणि २० वर गेज तिथेच राहिलं, आणि गरम इंजिन बंद करून पुन्हा स्टार्ट मारला की स्टार्टर अडखळायला लागला. सुधारणा थांबते ती जागा धरायची, पुढे रेटायचं नाही. १६ पक्के केले.

गेज वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. पुस्तकांतले व्हॅक्युमचे आकडे समुद्रसपाटीचे असतात. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. कोल्हापूर पावणेदोन हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे इथे निरोगी स्टँडर्ड इंजिनही १६-१७ दाखवेल. तेज कॅमला १२ इंच म्हणजे चांगलंच.

वरचं टोक रस्त्यावर काढलं. डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) मिळाला असता तर काम सोपं झालं असतं, पण चढाचा रस्ता हाही चांगला डायनो आहे, फक्त प्रत्येक वेळी तोच चढ, तोच गिअर आणि गाडीत तेवढीच माणसं हवीत. शिवाजी पूल ओलांडून केर्लीकडून वाघबीळ, तिथून पन्हाळ्याचा चढ. तिसरा गिअर, ४० ला थ्रॉटल पूर्ण दाबायचा, ७० पर्यंतचा वेळ घड्याळावर. नॉकिंग कानाने पकडण्यासाठी तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टखाली कसलं आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती केबिनमध्ये घेतली. शेजारी बसलेल्याने ती कानाला लावायची. उघड्या कानाला ऐकू येण्याच्या बऱ्याच आधी या नळीतून आवाज कळतो.

मेकॅनिकल ॲडव्हान्स अजून जुनाच होता, त्यामुळे या चाचणीपुरतं डिस्ट्रिब्युटर मागे घेऊन वरचे आकडे लावले: २८, ३०, ३२, ३४. २८ ते ३२ पर्यंत वेळ सुधारत गेला. ३४ ला सुधारला नाही, आणि नळीत अधूनमधून टिकटिक आली. ३२ धरले.

आता वजाबाकी सोपी. वर ३२, खाली १६, मध्ये १६ क्रँकवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवर ८. कोरलेला आकडा १४. सहा अंश बंद करायचे.

डिस्ट्रिब्युटरच्या पोटात

२५डी४ मध्ये कॅमच्या पायाला एक बाहू असतो. वजनं उघडली की तो फिरतो आणि स्प्रिंगच्या खांबाला टेकला की ॲडव्हान्स थांबतो. खांब जाड केला की तो लवकर टेकेल. टेकण्याची जागा मध्यापासून १२ मिमीवर. १२ मिमी त्रिज्येवर ६ अंश म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. पितळेची बारीक नळी, भिंत दीड मिमीची, खांबावर घट्ट बसेल अशी लेथवर काढून घेतली. मुद्दाम जाड घेतली, कारण पितळ घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. स्प्रिंगच्या हुकाला धक्का लागणार नाही अशा उंचीवर ती बसवली.

हे काम उद्यमनगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे झालं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटर फिरवून अंश दाखवणारं जुनं टेस्टर अजून चालू आहे, आणि अशी मशीन आता शोधून सापडत नाहीत. मामांनी नळी घासली, टेस्टरवर चढवली, वाचलं, उतरवलं, पुन्हा घासली. सव्वासात, साडेसात, शेवटी आठ. ते घासताना टेकणारी बाजू सपाट ठेवतात, गोल नाही. "गोल ठेवलं की एका रेघेवर टेकतंय, मग महिन्याभरात खड्डा पडतोय आणि तुझा आकडा पळतोय," हे त्यांचं स्पष्टीकरण. बरोबरच आहे.

स्प्रिंगांचं काम जास्त वेळखाऊ निघालं. लुकासमध्ये दोन स्प्रिंगा असतात: एक हलकी, जी लगेच ताणू लागते, दुसरी जाड, जिचा हुक लांबट असतो आणि ती थोड्या वेळाने कामाला लागते. त्यामुळे रेघ आधी उभी चढते, मग वळते. इथली हलकी स्प्रिंग ढिली पडली होती, म्हणूनच वजनं ७०० च्या थोडं वर उघडत होती. नव्या मांडणीत ती आयडलला अजिबात उघडता कामा नयेत, नाहीतर स्लो कधीच स्थिर राहणार नाही: आरपीएम जरा वाढला की ॲडव्हान्स वाढणार, त्याने आरपीएम आणखी वाढणार, मग उलट. मामांच्या डब्यातून वेगवेगळ्या जोड्या लावून पाहिल्या. काही लोक खांब बाहेर वाकवून ताण देतात. मला ते पटत नाही, कारण वाकलेला खांब पुढच्या माणसाला कळत नाही आणि स्प्रिंग बदलली की सगळा हिशेब फुकट जातो.

जी जोडी राहिली तिचे क्रँकवरचे आकडे असे: ९०० ला १६, १२०० ला १७, १६०० ला २१, २००० ला २५, २५०० ला २९, ३००० ला ३२, आणि पुढे ४५०० पर्यंत ३२ च. मूळ इंजिनात शेवटचा अंश बऱ्याच वर जाऊन यायचा. इथे तो ३००० ला आणला तरी नॉकिंग आलं नाही, कारण मधल्या पट्ट्यात या कॅमचं सिलिंडर अजून पूर्ण भरत नसतं. २००० च्या आसपास आणखी दोन अंश चालले असते असं वाटतं, पण उन्हाळ्यात, गाडी भरलेली असताना, अणुस्कुरा किंवा गगनबावड्याच्या चढाला ते अंगाशी येतील, म्हणून घेतले नाहीत.

व्हॅक्युमचा प्रश्न

मालकांच्या मित्रमंडळींत दोन पक्ष होते. एक म्हणे व्हॅक्युम कॅप्सूल काढूनच टाका, तेज कॅमला ती लागत नाही. दुसरा म्हणे नळी कार्ब्युरेटरवरून काढून थेट मॅनिफोल्डला जोडा, आयडल सुधारेल. दोन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या गाडीत बरोबर ठरले असतील, या गाडीत नाही.

कॅप्सूलवर ७-१३-५ कोरलेलं होतं. म्हणजे ७ इंचांना ओढायला सुरुवात, १३ इंचांना पूर्ण, आणि पूर्ण ओढ डिस्ट्रिब्युटरच्या ५ अंशांची, क्रँकवर १०. आयडलला मॅनिफोल्डमध्ये १२ इंच, तेही थोडे हलते. थेट जोडलं असतं तर कॅप्सूल आयडलला आपल्या पट्ट्याच्या मध्येच लोंबकळली असती आणि टायमिंग सतत नाचलं असतं. म्हणून नळी कार्ब्युरेटरच्या मूळ जागेवरच ठेवली, जिथे थ्रॉटल मिटलेला असताना ओढ मिळत नाही.

काढून टाकणं तर अजिबात पटलं नाही. कागलच्या हायवेवर ७० च्या स्थिर गतीला थ्रॉटल जेमतेम उघडा असतो, सिलिंडर अर्धवट भरलेलं आणि मिश्रण पातळ. तिथे ३२ अपुरे पडतात. व्हॅक्युमचे १० मिळून ४२ झाले की गाडी त्याच गतीला कमी थ्रॉटलवर चालते. नळी जोडून आणि काढून, एकाच पट्ट्यावर पाठोपाठ चालवलं की पायालाच कळतं. थ्रॉटल दाबला की ओढ जाते आणि टायमिंग आपोआप ३२ वर येतं, त्यामुळे नॉकिंगची भीती नसते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून व्हॅक्युम काढणं म्हणजे पेट्रोल ओतणं.

आता गाडी कशी आहे

आयडल ९०० वर आहे. ओव्हरलॅपचा हलका लंगडा ताल आहे, तो या कॅमचा स्वभाव आहे आणि मालकांना तो आवडतोही. बिंदू चौकात अडकली तरी पाण्याचा काटा मध्यावर राहतो. रेस सोडतानाचे फटके गेले. पन्हाळ्याला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन नळीत काही ऐकू येत नाही, आणि प्लगवर चकाकणारे कण नाहीत. १५०० च्या खाली अजूनही स्टँडर्ड इंजिनाइतका ओढा नाही. २७२ अंशांच्या कॅमकडून तो मिळणारही नाही, आणि हे मालकांना आधीच सांगितलं होतं. २२०० च्या पुढे मात्र ही गाडी ॲम्बेसेडर वाटत नाही.

आकड्यांचा कागद लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवला आहे: खरं टीडीसी कुठलं, आयडलला १६, ३००० ला ३२, दोन्ही व्हॅक्युमची नळी काढून, गॅप ०.३५ ते ०.४०. त्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ आहे की पुस्तकातले ६ अंश या इंजिनाला लागू नाहीत, कारण पुढचा मिस्त्री पुस्तक उघडेल आणि प्रामाणिकपणे गाडी पुन्हा बिघडवेल.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे सरकतं. त्यामुळे मालकांना पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी घेऊन यायला सांगितलं आहे. तेव्हा पॉइंटच्या कॅमला ग्रीसचा पातळ हात, वजनांवर तेलाचे थेंब, गॅप, ड्वेल आणि मग लाइट, याच क्रमाने पाहायचं आहे.